सुताचे दुसरे टोक

मुलांच्या प्रश्नांना मास्तराने भिऊ नये, असे आमचे जुने हेडमास्तर सांगत. वीस वर्षे मास्तरकी करूनही मी मात्र भितो. मोठ्या माणसांच्या प्रश्नांची चाहूल आधीच लागते. मुलांचे प्रश्न चोरपावलांनी येतात आणि घरातल्या नको त्या खोलीचे दार उघडून मोकळे होतात.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या संगणकांवर चित्रे काढण्याचा एक प्रोग्रॅम बसवला. गिम्प हे त्याचे नाव. तो फुकट मिळतो, म्हणून आमच्या शाळेच्या वाट्याला आला. पहिल्याच तासाला आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, यात पेन्सिल आहे, ब्रश आहे, खोडरबर आहे. सरळ रेघ मारायचं टूल कुठंय?”

मी शोधले. खरोखरच तसे हत्यार पेटीत दिसेना. मग पुष्कळ खटपटीनंतर उलगडा झाला, तो असा : पेन्सिल घ्यायची, जिथून रेघ सुरू व्हायची तिथे माऊसने एकदा टिचकी मारायची, मग ‘शिफ्ट’ची कळ दाबून धरायची आणि बाण दुसरीकडे न्यायचा. पहिल्या ठिपक्यापासून बाणापर्यंत एक ताणलेली रेघ दिसू लागते. हवी तिथे दुसरी टिचकी मारली की ती रेघ कायम होते. जोडीला ‘कंट्रोल’ची कळही दाबली, तर रेघ दर पंधरा अंशांच्या कोनाला अडकत अडकत फिरते, म्हणजे आडवी, उभी, तिरपी अगदी नेमकी साधता येते.

मुलीने करून पाहिले. “सर, मध्ये हात लावावाच लागत नाही की!” ती म्हणाली.

त्या वाक्याने मला माझ्या वडिलांसमोर नेऊन उभे केले. त्यांच्या एका प्रश्नाचे उत्तर मी देणे लागतो. ते देण्यासाठी सरळ रेघेचा थोडा इतिहास सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

माझे वडील पेंटर होते. चित्रकार नव्हेत, पेंटर. हा फरक तालुक्याच्या गावात सगळ्यांना कळतो. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, ट्रकांच्या मागची अक्षरे हा त्यांचा संसार. अण्णा म्हणत, “आपलं अक्षर म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं धुणं. दोरी ढिली पडली की सगळंच लोंबतं.” म्हणून पाटी रंगवण्याआधी शिरोरेषा आखायची. सुताला नीळ चोळायची, एक टोक अण्णांनी भिंतीवर अंगठ्याने दाबायचे, दुसरे मी. मग अण्णा सूत जरासे ओढून सोडीत. टण् असा आवाज होई आणि भिंतीवर निळी रेघ उमटे. भिंत लांब असली तर सूत आपल्याच भाराने मध्ये लवते. म्हणून आई मधोमध ते दाबून धरी. अण्णा आपल्या टोकाशी डोळा मिटून “जरा वर, अगदी केसभर” असे सांगत, आणि मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या टणकावीत. सुताची चूक त्यांना ठाऊक होती, आणि ती कुठे पकडायची हेही.

मी मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, शाळेत लागलो. २००४-०५ च्या सुमारास आमच्या भागात फ्लेक्स आला. संध्याकाळी एका दुकानात बसून मी संगणकावर पाट्या करू लागलो. २००६ साली एका कापडदुकानाची पाटी बदलायची ठरली. वीस वर्षे ती अण्णांच्या हातची होती. नवी मी केली. बारा फुटांची, आणि तिच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपा लाल पट्टा. पाटी चढवली त्या दिवशी अण्णा खाली उभे होते. मी म्हणालो, “बघा अण्णा, तुमच्या सुतापेक्षा सरळ.”

अण्णा शिडीवर चढले. पट्ट्याच्या काठावरून त्यांनी बोट फिरवले. “सरळ कुठाय? पायऱ्या आहेत रे.” आणि खाली उतरल्यावर अगदी साधेपणाने विचारले, “दुसरं टोक कुणी धरलं होतं?”

मी हसलो. “कुणी धरायला लागत नाही अण्णा. यंत्र आहे ते.”

ते पुढे काही बोलले नाहीत. त्या विषयावर पुन्हा कधीच बोलले नाहीत. २०११ साली ते गेले. मी कादंबऱ्या लिहितो. पात्रांच्या तोंडी शहाणी उत्तरे घालणे हा माझा फावल्या वेळचा धंदा आहे. पण त्या दिवशी मी मूर्खासारखे उत्तर दिले, हे मला कळायला फार वर्षे लागली. पायऱ्यांचा प्रश्न आणि दुसऱ्या टोकाचा प्रश्न, हे दोन्ही प्रश्न सरळ रेघेच्या सगळ्या इतिहासातले कळीचे प्रश्न आहेत.

सरळ रेघेचे पहिले हत्यार सूत, म्हणजेच दोरी. आपल्याकडे यज्ञवेदी आखण्याचे जे शास्त्र इसवी सनापूर्वी कित्येक शतके रचले गेले, त्याचे नावच शुल्बसूत्रे, आणि शुल्ब म्हणजे दोरी. पूर्व-पश्चिम रेषा कशी आखावी, हे कात्यायनाने सांगितले आहे. सपाट जागी शंकू रोवावा, त्याच्या उंचीएवढ्या दोरीने भोवती वर्तुळ काढावे. सकाळी आणि दुपारनंतर शंकूच्या सावलीचे टोक वर्तुळाला जिथे टेकेल, तिथे दोन खुंट्या ठोकाव्यात. त्या दोन खुंट्यांना जोडणारी रेषा ती प्राची. म्हणजे दोन्ही टोके सूर्याने ठरवून दिलेली; माणसाने नुसती दोरी ताणायची.

इजिप्तमध्ये देवळाचा पाया आखताना दोरी ताणण्याचा विधीच असे. तिथल्या शिल्पांत राजा आणि सेशात नावाची देवी समोरासमोर उभी दाखवतात. दोघांच्या हातांत मोगऱ्या, दोघांपुढे खुंट्या, आणि मध्ये दोरी. राजा झाला तरी तो एकच टोक धरणार. दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतेच. माणूस मिळाला नाही, तर देवी. आपल्या नाटकातला सूत्रधार आणि गावातला सुतार हे शब्दही याच सुताच्या कुळातले. वळणावर आलेल्या माणसाला आपण ‘सुतासारखा सरळ झाला’ म्हणतो, तेव्हा नकळत सगळ्यांत जुन्या हत्याराची साक्ष काढत असतो.

दोरीनंतर पट्टी. शाळेतल्या पोराला विचारा, सरळ रेघ कशी काढायची? तो म्हणेल, पट्टीने. पण ती पट्टी सरळ कशाने केली? दुसऱ्या पट्टीने. आणि ती? हा प्रश्न पोरकट नाही. आल्फ्रेड ब्रे केम्प या इंग्रज गृहस्थाने १८७७ साली ‘सरळ रेषा कशी काढावी’ या अर्थाच्याच नावाचे एक छोटे पुस्तक छापले आणि त्यात तो मांडला. कंपासाने वर्तुळ काढताना आपण कुठल्या आधीच्या वर्तुळाची नक्कल करीत नाही. पट्टीने रेघ काढताना मात्र नक्कलच करतो. मग पहिली सरळ रेघ कुणाची?

या प्रश्नाने मोठमोठ्या कारागिरांना झुंजवले होते. वाफेच्या यंत्रातला दांडा सरळ वरखाली हलावा, पण तो जोडलेला तुळईच्या टोकाला, आणि ते टोक तर कमानीत फिरणार. जेम्स वॉटने १७८४ साली तीन दांड्यांची एक जोडणी काढली. तिच्यातला एक बिंदू इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरतो, पण त्या आकड्याचा मधला थोडा भाग जवळजवळ सरळ असतो. वॉटने तेवढाच भाग वापरला. आपल्या सगळ्या कामांत या जोडणीचा आपल्याला जास्त अभिमान वाटतो, असे त्याने उतारवयात मुलाला कळवले होते. तरी ती ‘जवळजवळ’ सरळच. अगदी नेमकी सरळ रेघ देणारी जोडणी १८६४ साली पोसेलिए या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने जाहीर केली. तीत सात दांडे लागले. म्हणजे ‘जवळजवळ सरळ’पासून ‘सरळ’पर्यंत यायला ऐंशी वर्षे लागली. अण्णांच्या टणत्काराची किंमत मला ही हकीकत वाचल्यावर कळली.

आता पायऱ्यांकडे येतो. संगणकाचा पडदा म्हणजे चौकटीचा कागद. गणिताच्या वहीसारखी बारीक घरे. घर भरायचे किंवा सोडायचे, अर्ध्या घरातून रेघ नेता येत नाही. आडवी किंवा उभी रेघ सोपी, एका ओळीतली घरे भरीत जायचे. म्हणून शिरोरेषेला पडद्यावर कधी खोट येत नाही. पण रेघ तिरपी झाली की ती घरांच्या मधूनच जाणार, आणि प्रत्येक पावलाला ठरवावे लागणार, वरचे घर भरू की खालचे?

हा निवाडा कसा करावा, हे जॅक ब्रेसेनहॅम या तरुणाने १९६२ साली बसवले. तो कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे आय.बी.एम. कंपनीत होता. त्याच्यापुढे पडदाही नव्हता. संगणकाला जोडलेले कॅलकॉम्प नावाचे आरेखन यंत्र होते. त्यातली लेखणी लहान लहान ठरावीक पावलेच टाकू शके, आडवी, उभी किंवा कर्णावरची. अशा पावलांनी तिरपी रेघ चालायची. ब्रेसेनहॅमची युक्ती १९६५ साली त्या कंपनीच्या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मी ती मुलांना वाण्याच्या वहीसारखी शिकवतो.

समजा, रेघेला सात घरे उजवीकडे आणि तीन घरे वर जायचे आहे. म्हणजे प्रत्येक पावलाला खरी रेघ घराचा तीन सप्तमांश वर चढते. अपूर्णांक नकोत, म्हणून सात पैशांचे एक घर धरू आणि दर पावलाला तीन पैसे उधारी लिहू. उधारी साडेतीन पैशांच्या वर गेली की एक घर वर चढायचे आणि सात पैसे वजा करायचे. पहिले पाऊल : उधारी तीन, चढायचे नाही. दुसरे : सहा झाली, चढा, सात वजा, उरले उणे एक. तिसरे : दोन, सरळ चला. चौथे : पाच, चढा, उणे दोन. पाचवे : एक. सहावे : चार, चढा, उणे तीन. सातवे : शून्य. सात पावले झाली, तीन चढ झाले, रेघ बरोबर ठिकाणी पोचली आणि वहीत दमडीची बाकी नाही. साडेतीनचा अर्धा पैसा टाळायचा, तर सगळे आकडे दुप्पट करावेत. मग नुसती बेरीज आणि वजाबाकी पुरते, गुणाकार-भागाकाराची गरज पडत नाही. आणि त्या काळच्या संगणकांना गुणाकार-भागाकार फार महाग पडत.

मला या युक्तीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. यंत्राने रेघ सरळ काढली नाही. ते शक्यच नव्हते. त्याने प्रत्येक पावलाची चूक लिहून ठेवली, पुढच्या पावलाला बरोबर नेली आणि अर्ध्या घराहून मोठी कधी होऊ दिली नाही. आई मधोमध सूत दाबून धरी, ते याहून काही वेगळे नव्हते. आणि अण्णांना बोटाखाली लागल्या त्या पायऱ्या हाच तो वहीतला हिशेब होता.

मग त्या बोटाला लागण्याइतक्या मोठ्या का झाल्या? ती चूक यंत्राची नव्हती, माझी होती. ती समजायला दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगितली पाहिजे.

अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने १९६३ साली डॉक्टरेटचा प्रबंध दिला. त्याच्या प्रोग्रॅमचे नाव स्केचपॅड. लिंकन प्रयोगशाळेतल्या टी.एक्स.-२ या प्रचंड संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवायची, एक बटण दाबायचे आणि लेखणी हलवायची. सुरुवातीचा बिंदू जागीच राहतो आणि त्याच्यापासून लेखणीपर्यंत रेघ रबरासारखी ताणली जाते. हात कापला तरी रेघ कापत नाही, फक्त तिचे टोक हलते. मनासारखी झाली की तिथेच सोडायची. माझ्या माहितीत, एकट्या माणसाने अशी रेघ ओढताना दुसरे टोक यंत्राने धरून ठेवल्याचे हे सगळ्यांत जुने उदाहरण. सदरलँड आणखी पुढे गेला. वेडावाकडा चौकोन काढून ‘या दोन बाजू समांतर कर’ असे सांगितले की यंत्र तो सरळ करी. कारण स्केचपॅड ठिपके लक्षात ठेवीत नसे. रेघेची दोन टोके आणि त्यांची नाती लक्षात ठेवी.

पुढे या विद्येच्या दोन वाटा झाल्या. एक वाट टोके लक्षात ठेवणारी. नकाशे, यंत्रांची आरेखने, छपाईची अक्षरे तिच्यावरून चालतात; चित्र कितीही मोठे केले तरी ती रेघ नव्याने मोजून काढते. दुसरी वाट रंगाऱ्याची, घरे भरणारी. १९८४ च्या जानेवारीत मॅकिंटॉश संगणक विकायला आला, तेव्हा त्याच्याबरोबर बिल अ‍ॅटकिन्सनने लिहिलेला मॅकपेंट हा प्रोग्रॅम होता. पडदा काळा-पांढरा, ५१२ घरे आडवी आणि ३४२ उभी. त्यात रेघेचे हत्यार होते, आणि ‘शिफ्ट’ दाबली तर ब्रशसुद्धा नेमका आडवा किंवा उभाच चाले. ही कळ मूळची टंकलेखन यंत्रावरची, १८७८ च्या रेमिंग्टन यंत्रापासूनची. तिचे काम इंग्रजी मोठी अक्षरे उमटवण्याचे. शंभर वर्षांनी तिच्याकडे हात सरळ ठेवण्याचे काम आले. मॅकपेंटमध्ये भिंगाचीही सोय होती. एकेक घर मोठे करून दाखवी. अण्णा शिडीवर चढून जे करीत होते, तेच ते.

१९९० साली टॉमस आणि जॉन नोल या भावांचा फोटोशॉप आला. १९९६ साली बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प लोकांसाठी खुला केला. दोन्हींत ‘शिफ्ट’ची ती युक्ती आहे : एक टिचकी, मग कळ दाबून दुसरी टिचकी. पहिली टिचकी म्हणजे खुंटी. ती यंत्राच्या स्मरणात रोवलेली असते.

पण रंगाऱ्याच्या वाटेवरचे यंत्र रेघ कायम होताच एक गोष्ट विसरते : ती रेघ होती हेच. उरतात नुसती भरलेली घरे. पायऱ्या डोळ्याला खुपू नयेत म्हणून काठच्या घरांत फिकट छटा भरतात. रेघेसाठी ते झटपट करण्याची एक नामांकित रीत शाओलिन वू यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. त्यामुळे दुरून काठ गुळगुळीत दिसतो. दुरून डोंगर साजरे, त्यातलाच हा प्रकार. मी त्या कापडदुकानाची पाटी अशाच प्रोग्रॅमात वीतभर केली आणि मग बारा फूट ताणली. यंत्राने बिचाऱ्याने घरेच तेवढी मोठी केली. त्याला दुसरे काही आठवतच नव्हते. टोके लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रॅमात तोच पट्टा काढला असता, तर अण्णांच्या बोटाला काही लागले नसते. दुसरे टोक कुणी धरले होते, या प्रश्नाचे खरे उत्तर असे : यंत्राने धरले होते, आणि मी ते त्याला सोडायला लावले होते.

हे उत्तर अण्णांना पटले असते. त्यांना यंत्राचा राग नव्हता. घरी रेडिओ बिघडला तर ते उघडून बसत. त्यांना खुपले असेल ते माझे वाक्य. ‘कुणी धरायला लागत नाही’ असे मी म्हणालो, आणि बारा-तेरा वर्षे ते टोक मीच धरले होते.

त्या मुलीच्या प्रश्नानंतरच्या आठवड्यात मी संगणकाचा तास फळ्यासमोर घेतला. अण्णांचे सूत कपाटात होते, नीळ किराणा दुकानातून आणली. मुलीला म्हटले, “तू ते टोक धर. अंगठ्याने. घट्ट.” मी सूत ओढून सोडले. काळ्या फळ्यावर निळी रेघ नीट दिसेना, म्हणून मुले पुढे येऊन पाहू लागली. कुणीतरी पट्टी आणून लावून पाहिली. मध्ये केसभर फट होती. मुले मला हसली.

“सूत लांब आहे,” मी म्हटले. “मध्ये धरायला आणखी एक जण या.”